इंजिन कोणाचे टिकते? गाडी घेणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी थोडा अभ्यास

व्यापार म्हटला की माल आला, आणि माल म्हटला की वाहन आले. पुण्यात रविवार पेठेत, भवानी पेठेत किंवा कॅम्पात चार व्यापारी एकत्र बसले की गाडीचा विषय निघतोच. ‘कोणत्या कंपनीचे इंजिन सर्वांत जास्त टिकते?’ हा प्रश्न आम्हालाही वारंवार विचारला जातो. आमचा धंदा कापडाचा आहे, गॅरेजचा नव्हे. तथापि पंचवीस-तीस वर्षे माल वाहून नेताना गाड्या घेतल्या, विकल्या, दुरुस्त केल्या आणि एकदा चांगलेच नुकसानही सोसले. त्यातून जे शिकलो ते आज वाचक बंधूंसमोर मांडत आहोत.

हा प्रश्न आपल्या समाजातील छोट्या व्यापाऱ्यासाठी व कारागिरासाठी हौसेचा नाही. आपल्यातील पुष्कळ लोक व्याजाच्या कर्जापासून दूर राहतात. नवी गाडी हप्त्यावर घेण्याऐवजी साठवलेल्या रोख पैशातून जुनी गाडी घेतात. हे योग्यच आहे. परंतु ज्याने कर्ज काढून नवी गाडी घेतली त्याच्यामागे निदान कंपनीची वॉरंटी असते. रोखीने जुनी गाडी घेणाऱ्याच्या मागे कोणीही नसते. त्याचे सगळे भांडवल त्या लोखंडी पेटीत अडकलेले असते. इंजिन बसले की भांडवल बसले. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेणे आवश्यक आहे.

पुणे हे इंजिनांचे गाव

या बाबतीत पुणेकर भाग्यवान आहेत. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली सुरू झाली. कोथरूडला कमिन्सचा कारखाना १९६२ साली आला. पिंपरी-आकुर्डीत टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, बजाज ऑटो आणि बजाज टेम्पो वाढल्या. १९९४ साली मर्सिडीझ-बेंझने आपली भारतीय कंपनी पुण्यातच काढली. गाड्यांची व इंजिनांची चाचणी घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र इंजिनाची शक्ती, धूर आणि नियमांचे पालन याबद्दल असते. ते इंजिन तुमच्या हाती दहा वर्षे टिकेल की नाही, याची हमी कोणतीही संस्था देत नाही.

इंजिन झिजते कसे?

आधी इंजिन झिजते म्हणजे काय होते ते पाहू. सिलिंडरच्या आत पिस्टन दर मिनिटाला हजारो वेळा खालीवर होतो. त्याच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला घासतात. खाली क्रँक बेअरिंगवर फिरतो. या सर्व ठिकाणी धातू आणि धातू यांच्यामध्ये ऑइलचा एक अत्यंत पातळ थर असतो. तो थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही. थर फाटला की झीज सुरू होते. थर फाटण्याची कारणे चार : ऑइल जुने व घाण होणे, ऑइल कमी पडणे, इंजिन अति तापणे आणि हवेतून धूळ आत जाणे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना ऑइल अजून वर चढलेले नसते. त्या क्षणी सर्वांत जास्त झीज होते. म्हणूनच सुरू करताच अॅक्सिलरेटर दाबणे ही वाईट सवय आहे.

दुसरी गोष्ट ओझ्याची. एखाद्या हमालाला रोज त्याच्या ताकदीच्या निम्मे ओझे दिले तर तो वर्षानुवर्षे काम करील. रोज ताकदीइतके ओझे दिले तर लवकर थकेल. इंजिनाचेही तसेच आहे. खेड्यात विहिरीवर चालणारे किर्लोस्करचे इंजिन वीस-वीस वर्षे चालताना आपण पाहिले आहे. ते एकाच गतीने, बेताच्या ओझ्यावर, सावकाश चालते. त्याचे सुटे भाग जाड असतात आणि गावातला मिस्त्री ते उघडू शकतो. टिकाऊपणाचे रहस्य बरेचसे येथेच आहे : मोठे इंजिन, कमी गती, बेताचे ओझे, सोपी रचना.

जुनी डिझेल इंजिने पेट्रोलपेक्षा जास्त टिकत, त्याचे कारणही हेच. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा ते बावीस पट दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेते. एवढा दाब सोसण्यासाठी ब्लॉक, क्रँक, पिस्टन सर्व काही दणकट बनवावे लागते. शिवाय ते कमी गतीवर चालते.

टेम्पोचा धडा

मराठीत छोट्या मालगाडीला आपण ‘टेम्पो’ म्हणतो. हा शब्द मुळात एका कंपनीचे नाव आहे. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी स्थापन झाली. तिच्या तीनचाकी गाड्यांमुळे हे नाव सर्वांच्या तोंडी बसले. पुढे मॅटाडोर आली, १९८७ साली ट्रॅव्हलर आली, मग ट्रॅक्स आली. २००५ साली कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव घेतले.

या कंपनीने मर्सिडीझचे ओएम ६१६ हे डिझेल इंजिन परवान्यावर पुण्यात बनवले. चार सिलिंडर आणि २.४ लिटर. जर्मनीत हेच इंजिन १९७३ पासून मर्सिडीझच्या २४० डी या मोटारीत बसत असे, आणि ती मोटार जगभर टॅक्सी म्हणून चालली. एवढ्या मोठ्या इंजिनातून शक्ती मात्र सुरुवातीला फक्त ६५ अश्वशक्ती काढली जात असे. गाडी सुस्त चाले, चढावर धापा टाकी, पण इंजिनावर ताण येत नसे. आमच्याकडे आलेल्या जुन्या ट्रॅक्सवाल्यांकडून आम्ही एकच गोष्ट ऐकली : गाडीचा पत्रा गेला, सीट गेल्या, इंजिन चालू आहे.

टाटाच्या ४०७ चेही तसेच. १९८६ साली आलेली ही गाडी आजही बाजारात आहे. तिचे सुटे भाग महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतात आणि तिचे इंजिन न उघडलेला मिस्त्री शोधून सापडणार नाही. कंपनीचा नावलौकिक एका बाजूला आणि हा फायदा दुसऱ्या बाजूला ठेवला तर व्यापाऱ्याने फायद्याकडे पाहावे.

बॉनेटवर नाव एक, आत इंजिन दुसऱ्याचे

आता एक गोष्ट कापडवाल्यांना लगेच समजेल. थानाच्या किनारीवर मोठ्या मिलचा शिक्का असतो. गिऱ्हाईक शिक्का पाहून भाव देते. परंतु आपल्याला ठाऊक असते की त्यातील पुष्कळसे ग्रे कापड इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या मागावर विणलेले असते. मिलने फक्त प्रोसेस करून शिक्का मारलेला असतो. म्हणून जाणता व्यापारी शिक्का पाहत नाही. तो सुताचा काउंट पाहतो, वीण पाहतो, बोटांनी चाचपतो.

मोटारींच्या धंद्यातही असेच चालते. याचे उत्तम उदाहरण पुणे जिल्ह्यातच घडले. फियाट या इटालियन कंपनीने १.३ लिटरचे मल्टीजेट नावाचे छोटे डिझेल इंजिन २००३ साली युरोपात आणले. भारतात ते फियाटच्या पुंटो व लिनिया गाड्यांत बसले. टाटाच्या इंडिका व्हिस्टातही तेच बसले. आणि मारुतीच्या डिझेल स्विफ्ट व डिझायरमध्येही तेच इंजिन होते. फियाट व टाटाची इंजिने रांजणगावच्या कारखान्यात बनत, मारुतीची परवान्यावर हरियाणात मानेसरला. लोक गमतीने त्याला भारताचे राष्ट्रीय इंजिन म्हणत. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, तेव्हा मारुतीने हे इंजिन बंद केले.

आता पाहा. एक गिऱ्हाईक म्हणे, “मारुतीचे इंजिन उत्तम, फियाट नको.” दुसरे म्हणे, “टाटापेक्षा मारुती बरी.” आणि तिघांच्या बॉनेटखाली मुळात एकच इंजिन! जुन्या बाजारात आजही स्विफ्टला जास्त आणि लिनियाला कमी किंमत मिळते. हा फरक इंजिनाचा नाही. तो सर्व्हिसच्या जाळ्याचा, सुट्या भागांच्या उपलब्धतेचा आणि नावाचा आहे. तो फरक खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही, कारण सुटा भाग मिळाला नाही तर चांगले इंजिनही निकामी. पण आपण पैसे कशासाठी देत आहोत हे माहीत असावे.

तेव्हा पहिला नियम असा : ‘कंपनी कोणती’ एवढे विचारून थांबू नका. ‘इंजिन कोणते, किती लिटरचे, मुळात कोणी बनवलेले’ हे विचारा.

जपानी नावांचा दबदबा

जगाच्या बाजारात टिकाऊपणासाठी टोयोटाचे नाव बरीच वर्षे वरच्या पायरीवर आहे. आपल्याकडे टोयोटा किर्लोस्करची क्वालिस जानेवारी २००० मध्ये आली. तिचे २.४ लिटरचे डिझेल इंजिन साधे, टर्बोशिवायचे आणि मंद होते. दिसायला जुनाट अशी ती गाडी टॅक्सीवाल्यांनी डोक्यावर घेतली. २००५ साली तिच्या जागी इनोव्हा आली. पुणे-मुंबई रस्त्यावर चालणाऱ्या इनोव्हांनी कित्येक लाख किलोमीटर पार केलेले सर्वांनी पाहिले आहे.

पेट्रोलमध्ये मारुती ८०० चे तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन घ्या. डिसेंबर १९८३ पासून २०१४ पर्यंत ती गाडी बनत होती. तेच इंजिन १९८४ च्या मारुती व्हॅनमध्ये बसले. हीच पुढे ओम्नी झाली आणि २०१९ पर्यंत चालली. आपल्या किती कापडवाल्यांचा, बेकरीवाल्यांचा आणि कारागिरांचा संसार या ओम्नीने ओढला असेल! हे इंजिन काही फार बलवान नव्हते. परंतु हलके, सोपे, कमी खर्चाचे आणि कोठेही दुरुस्त होणारे होते. होंडाची पेट्रोल इंजिनेही दीर्घायुषी म्हणून नावाजलेली आहेत, फक्त त्यांचे भाग महाग पडतात.

पण नाव मोठे म्हणून डोळे मिटून विश्वास टाकू नये. २०२४ साली टोयोटाने अमेरिकेत आपल्या टुंड्रा व लेक्सस गाड्यांपैकी सुमारे १ लाख गाड्या परत बोलावल्या. कारखान्यात यंत्रकाम करताना निघालेला धातूचा कीस इंजिनात राहून गेला होता आणि त्यामुळे बेअरिंग खराब होत होते. ह्युंदाईनेही अमेरिकेत २०१५ साली याच प्रकारच्या दोषासाठी सोनाटा गाड्या मोठ्या संख्येने परत घेतल्या. चूक कोणाच्याही हातून होऊ शकते. ज्यांनी ती कबूल करून गाड्या परत घेतल्या त्यांनी निदान सचोटी दाखवली. आपल्यासाठी अर्थ असा की कंपनीचे नाव हा इंजिनाचा एक गुण आहे, संपूर्ण गुणपत्रिका नव्हे.

छोट्या व्यापाऱ्याची गाडी

२००५ साली टाटाने एस ही गाडी आणली. आपण तिला ‘छोटा हाथी’ म्हणतो. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, १६ अश्वशक्ती. शहरातील गल्ल्यांसाठी ही उत्तम कल्पना होती. परंतु तिच्यात दोन टन कोंबून घाट चढवला आणि मग इंजिन कच्चे निघाले म्हणून तक्रार केली, तर दोष कोणाचा? वर हमालाचे उदाहरण दिलेच आहे. आपला माल किती, अंतर किती, रस्ता कसा, हे पाहून गाडी घ्यावी. ताकदीच्या काठावर चालणारे इंजिन कोणत्याही कंपनीचे असो, ते लवकर संपते.

२०२० नंतरच्या डिझेल गाड्या घेताना आणखी एक विचार करावा. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी अधूनमधून जाळावी लागते आणि त्यासाठी गाडी बराच वेळ गरम राहून वेगाने चालावी लागते. ज्याची गाडी दिवसभर दुकान ते गोदाम अशी दोन-दोन किलोमीटरच चालते, त्याची ही जाळी तुंबते आणि खर्च मोठा येतो. अशा गाडीत ऑइलही कंपनीने सांगितलेले कमी राखेचेच लागते. शहरातील छोट्या फेऱ्यांसाठी पेट्रोल किंवा सीएनजी बरे. सीएनजी हे कोरडे इंधन आहे. त्यात व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजू शकतात, म्हणून टॅपेट वेळेवर तपासून घ्यावेत. जुन्या पेट्रोल गाडीचे रबरी पाइप व पॅकिंगही आता पाहावेत, कारण २०२५ पासून पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते.

लाखो किलोमीटर चाललेल्या गाड्या

ग्रीसमधील एका टॅक्सीचालकाने १९७६ सालची मर्सिडीझ २४० डी ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ साली कंपनीने ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली. इंजिन तेच, ज्याचा उल्लेख टेम्पोच्या संदर्भात वर केला. पण हे ऐकून एक इंजिन ४६ लाख किलोमीटर चालले असे समजू नये. तो चालक इंजिन वेळीच उतरवून दुसरे बसवी आणि उतरवलेले नीट दुरुस्त करून ठेवी. अमेरिकेतील इर्व्ह गॉर्डन या शिक्षकाने १९६६ सालची व्होल्वो घेतली आणि २०१३ साली तिने ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. त्याच्याही गाडीचे इंजिन मध्ये दोनदा उघडून नवे करावे लागले. त्याचे गुपित काय होते? वेळेवर ऑइल बदलणे आणि कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे वागणे.

जगातील सर्वांत जास्त चाललेल्या गाड्यांनी आपल्याला हेच शिकवले. कंपनी चांगली होती, यात शंका नाही. त्याच कंपन्यांच्या त्याच वर्षीच्या हजारो गाड्या मात्र केव्हाच भंगारात गेल्या. फरक मालकाच्या हातात होता.

आमचे नुकसान

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी मालगाडी रोखीने घेतली. कंपनी नामांकित, इंजिन नावाजलेले. त्या नावावरच आम्ही खूश होतो. सकाळी गाडी पाहायला गेलो तेव्हा इंजिन चालूच होते. मालक म्हणाला, “सेठ, तुम्ही येणार म्हणून तयार ठेवली.” आम्हाला त्याचे सौजन्य वाटले. इंजिन धुऊन चकचकीत केले होते, धूर नव्हता, आवाज गोड होता. आम्ही सौदा केला.

पुढे ईदच्या आठवड्यात पूर्ण माल भरून गाडी साताऱ्याकडे निघाली. आम्ही सोबत होतो. खंबाटकी घाटात अर्ध्यावर काटा लाल खुणेकडे सरकू लागला. ड्रायव्हर म्हणाला, “थांबू या.” आम्ही म्हणालो, “माथा जवळ आहे, चल.” ईदला दोन दिवस राहिले होते आणि साताऱ्याच्या दुकानदारांना माल त्याच दिवशी हवा होता. माथ्याच्या अलीकडे पाणी उकळून बाहेर आले आणि गाडी बंद पडली. टोचन करून ती खाली आणली. मिस्त्रीने हेड उघडले तेव्हा कळले की हेड पूर्वीही वाकले होते आणि घासून बसवले होते. रेडिएटरमध्ये गळती बुजवणारी पूड टाकली होती. धूर दिसू नये म्हणून जाड ऑइल भरले होते. गाडीवर खर्च झाला तो झालाच. पण माल ईदनंतर पोचला आणि ईदनंतरच्या मालाला कोण विचारतो? चार महिन्यांचा नफा एका घाटात गेला.

विकणाऱ्याने फसवले हे खरे. परंतु तीन चुका आमच्याच होत्या. थंड इंजिन पाहिले नाही, रेडिएटर उघडून पाहिला नाही आणि काटा वर गेल्यावर थांबलो नाही. पंधरा मिनिटे बाजूला थांबून इंजिन निवू दिले असते तर कदाचित हेड वाचले असते. त्या इंजिनाच्या कंपनीला यात काय दोष द्यावा?

जुने इंजिन कसे तपासावे?

ज्यांना जुनी गाडी घ्यायची आहे त्यांनी पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात.

१. गाडी सकाळी, पूर्ण थंड असताना पाहावी. बॉनेटला हात लावावा. गरम लागले तर दुसऱ्या दिवशी यावे.

२. सुरू होताना धुराचा रंग पाहावा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते. रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजले आहेत. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी आत जात आहे असा संशय घ्यावा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जाते किंवा हवा कमी पडते. हा दोष बहुधा फिल्टर किंवा नोझलचा असतो आणि कमी खर्चात सुटतो.

३. ऑइल भरण्याचे झाकण उघडून पाहावे. आत दुधासारखा पांढरट साय जमलेला असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. इंजिन चालू असताना त्या तोंडातून धूर जोराने बाहेर येत असेल तर रिंगा गेल्या आहेत.

४. थंड असतानाच रेडिएटर उघडावा. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा गाळ नसावा. गरम रेडिएटर कधीही उघडू नये; उकळते पाणी अंगावर येते.

५. गाडी माल भरून चढावर चालवून पाहावी. कात्रजचा जुना घाट पुणेकरांना जवळच आहे. रिकाम्या गाडीचे गोड बोलणे ऐकून सौदा करू नये.

६. किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. सर्व्हिसच्या पावत्या मागाव्यात. पावत्या नसतील तर आकडा नाही असे समजावे.

७. इंजिनावरील क्रमांक आणि आरसी पुस्तकातील क्रमांक जुळवून पाहावेत. इंजिन बदलले असेल तर त्याची नोंद आरटीओत झालेली असावी.

८. सौद्यापूर्वी नाना पेठेत जाऊन त्या इंजिनाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि हेड पॅकिंग यांचा भाव विचारावा. माल लगेच मिळतो की मागवावा लागतो, हेही विचारावे. पाच दुकानांत ‘मागवावा लागेल’ हे उत्तर आले तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी महाग आहे.

९. आपला स्वतःचा मिस्त्री सोबत न्यावा आणि त्याची मजुरी आनंदाने द्यावी. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी दोन लाख धोक्यात घालू नयेत.

गाडी घेतल्यावर ऑइल, ऑइल फिल्टर आणि हवेचा फिल्टर ठरल्या वेळी बदलावा. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचे, पक्क्या पावतीवर घ्यावे. मागांच्या कारखान्यांत माल उचलणाऱ्यांनी रेडिएटरची जाळी महिन्यातून एकदा हवेने साफ करावी. रुईचे तंतू तिच्यात अडकून हवा बंद होते. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी न घालता कूलंट घालावे. टर्बो असलेल्या गाडीने लांबचा पल्ला संपवला की बंद करण्यापूर्वी एखादे मिनिट तसेच चालू ठेवावे.

विकणाऱ्याची जबाबदारी

आतापर्यंत घेणाऱ्याविषयी बोललो. परंतु आपण सर्व जण कधी ना कधी विकणारेही असतो. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तेव्हा आतील धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर प्रेषितांनी त्याला विचारले की मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याचा आपल्याशी संबंध नाही असे बजावले. ही हदीस आपण व्याख्यानांत ऐकतो. गाडी विकताना मात्र ओले धान्य खाली आणि कोरडे वर ठेवतो. जाड ऑइल भरणे, गळती बुजवणारी पूड टाकणे, किलोमीटर मागे फिरवणे आणि गिऱ्हाईक येण्यापूर्वी इंजिन गरम करून ठेवणे, हे सर्व त्याच ढिगाचे प्रकार आहेत.

शरीअतने दोष लपवून विकलेल्या वस्तूबाबत घेणाऱ्याला सौदा मोडण्याचा हक्क दिलेला आहे. फिक्हमध्ये त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. परंतु बिचारा घेणारा हा हक्क मागायला कोणाकडे जाणार? म्हणून विकणाऱ्यानेच दोष आधी सांगावा. आमच्या हाती आलेली ती गाडी दुरुस्त करून पुढे आम्ही विकली, तेव्हा हेडची सर्व हकीकत घेणाऱ्याला सांगितली आणि मिस्त्रीची पावती दिली. भाव कमी मिळाला. पण तो माणूस आजही आमच्या दुकानी येतो आणि ईदचे कपडे आमच्याकडूनच घेतो. बरकत म्हणतात ती हीच.

सारांश

तर मूळ प्रश्नाचे उत्तर काय? विचारणाऱ्याला काहीतरी नाव हवे असते, म्हणून आम्ही सांगतो : जुन्या डिझेलमध्ये बजाज टेम्पोचे मर्सिडीझ इंजिन, टाटा ४०७ आणि टोयोटाच्या क्वालिस व इनोव्हा, छोट्या डिझेलमध्ये फियाटचे मल्टीजेट, बॉनेटवर नाव कोणाचेही असो, पेट्रोलमध्ये सुझुकी आणि होंडा. पण हे उत्तराचा एक तृतीयांश भाग आहे. दुसरा तृतीयांश म्हणजे ते इंजिन आपल्या ओझ्याला आणि आपल्या रस्त्याला पुरेसे आहे का, आणि त्याचा भाग व मिस्त्री जवळ आहे का. तिसरा तृतीयांश आपला स्वतःचा हात : ऑइल, पाणी, हवा आणि काटा वर गेल्यावर थांबण्याची अक्कल.

माल असो की यंत्र, ती आपल्याकडे अल्लाहची अमानत आहे. तिची काळजी घेणे हाही शुक्रच आहे. अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल कमाईत बरकत देवो आणि रस्त्यावर निघालेल्या प्रत्येक बंधूला सुखरूप घरी पोचवो. आमीन.